वतन नदारद

भगवंतराव पाटील माणूस वाईट नव्हते. कचेरीतले सगळे तसं म्हणायचे, फक्त म्हणण्याआधी जरा थांबायचे. कुणाचा अर्ज अडला तर ते लिहून देत, कुणाच्या घरी आजारपण आलं तर डबा पोचवत. पण चार वाजता चहा आला की त्यांना किस्सा लागे, आणि किश्श्यात कुणाची तरी फजिती लागे. सगळ्यांत रंगणारा किस्सा दौलतचा. तो सांगायचा म्हणजे दौलत खोलीबाहेर हवा. तो परत आला की सगळ्यांची तोंडं बशीत. दौलत काही विचारत नसे. आपल्या टेबलाशी जाऊन दौत पुढं ओढी आणि कामाला लागे.

किस्सा असा. एकोणपन्नास साली दौलत नोकरीला लागला तेव्हा बावीस वर्षांचा होता. अंगात कुणाचा तरी मागून आणलेला कोट, बाह्या बोटांपर्यंत. हैदराबादेत आबिड्सच्या त्या सरकारी कचेरीतली सगळ्या नोकरांची सर्व्हिस बुकं भगवंतरावांच्या कपाटात असायची, कपाटाची किल्ली त्यांच्या जानव्याला. फॉर्म तेव्हा उर्दूतच असत. भगवंतराव रकाना वाचत, समोरचा उत्तर देई, हे लिहून घेत. नाव, बापाचं नाव, दौलत वल्द भिवाजी, इथवर ठीक चाललं. मग ते म्हणाले, वतन?

आता उर्दूत वतन म्हणजे माणसाचं मूळ गाव. फॉर्मात तेच विचारलं होतं. पण मराठीत, तेही पाटलाच्या तोंडून, आणि समोर भिवाजीचा मुलगा उभा असताना वतन म्हणजे दुसरं काय असणार? महारकीचं वतन. गावाची वेठ करायची, मेलेली ढोरं ओढायची आणि त्यापायी मिळालेला जमिनीचा तुकडा कपाळी मिरवायचा. भिवाजीनं ते वतन गावाच्या तोंडावर फेकलं होतं आणि काचीगुडा स्टेशनात हमाली धरली होती. दौलत ताठ झाला आणि म्हणाला, "वतन नाही. बापानं सोडलं."

भगवंतरावांच्या ध्यानात चूक तिथल्या तिथं आली होती. तसं नव्हे बाबा, गाव कोणतं ते सांग, एवढं म्हटलं असतं तर काम भागलं असतं. पण असा किस्सा आयता चालून आला तर सोडतो कोण? त्यांनी तोंड अगदी सरळ ठेवून रकान्यात लिहिलं, नदारद. कचेरीच्या उर्दूत नदारद म्हणजे काही नाही. खाली लिहिलं, तस्दीक केली, म्हणजे खरंखोटं तपासून पाहिलं, आणि आपली झोकदार सही ठोकली. दौलत बाहेर पडला आणि त्याच दिवशी चार वाजता तो किस्सा पहिल्यांदा सांगितला गेला.

सात वर्षं तो पुरला. मग आलं छप्पन्न साल आणि हैदराबाद राज्याची वाटणी निघाली. तेलुगू मुलूख आंध्रात, कानडी म्हैसुरात, मराठवाडा मुंबई राज्यात, एक नोव्हेंबरपासून. मुलखाबरोबर नोकरही वाटायचे होते. कुणाचं वतन कुठं आहे ते सर्व्हिस बुकात बघायचं, वतन मराठवाड्यातलं तर माणूस मुंबई राज्यात, आणि काहीच लिहिलेलं नसेल तर जिथं आहे तिथं, म्हणजे आंध्रात. ती यादी केली कुणी? भगवंतरावांनीच. दौलतच्या पानाशी त्यांचा हात थांबला होता, नाही असं नाही. पण आता खाडाखोड करायची तर साहेब विचारणार, चूक कुणाची? ते पान त्यांनी उलटलं.

सप्टेंबरात यादी भिंतीवर लागली. भगवंतराव मुंबई राज्यात, नेमणूक परभणी. दौलत आंध्रात. दौलतची बायको विमलाबाई सरकारी दवाखान्यात नर्स होती, तिच्या कागदात औरंगाबाद जिल्हा स्वच्छ लिहिलेला, तिची नेमणूक औरंगाबादेस. पदरी आठ महिन्यांची मुलगी. नवरा एका राज्यात, बायको दुसऱ्या राज्यात. दौलतनं दुरुस्तीचा अर्ज दिला, तो चार दिवसांत परत आला, शेरा एवढाच की रेकॉर्डात आधार नाही. रेकॉर्डात आहे काय हे त्याला कुणी दाखवलं नाही.

एक वाट राहिली होती, अदलाबदलीची. सारख्या हुद्द्याच्या दोघांनी मिळून अर्ज करायचा. सारख्या हुद्द्याचा, मराठवाड्यात जाणारा माणूस त्या कचेरीत एकच होता. दौलत परीक्षा देऊन सात वर्षांत त्या हुद्द्याला पोचला होता, भगवंतरावांना तिथं पोचायला बावीस वर्षं लागली होती, आणि ते त्यांना अजून खुपत होतं. दौलत हात जोडून नाही, पण मान खाली घालून विचारायला आला. भगवंतराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की बावन्नाव्या वर्षी आता मी तेलुगूची बाराखडी गिरवू काय रे? कचेरी हसली. दौलत परत जाऊन आपल्या जागी बसला.

*

दसऱ्यानंतरच्या बुधवारी नारायणगुड्याच्या डॉक्टर केशवरावांनी भगवंतरावांना दार लावून घ्यायला सांगितलं. उजव्या बरगडीखाली दोन महिने दुखत होतं, अन्नावरची वासना गेली होती, एक्स-रे फोटो काढून झाला होता. केशवराव जुने स्नेही, त्यांनी उगाच गोलगोल बोलण्यात वेळ घालवला नाही. यकृतात गाठ आहे, ऑपरेशनच्या पलीकडची. होळी बघाल, त्यापुढचं मला सांगता येत नाही. मग फोटो पाकिटात घालता घालता म्हणाले, "गाव बघायचं असेल तर लवकर बघा, पाटील."

भगवंतराव चालत बरकतपुऱ्याला आपल्या घरी निघाले. त्यांना वाटलं होतं की असं काही ऐकल्यावर माणूस मटकन खाली बसत असेल. पण त्यांच्या मनात एकच गोष्ट लखलखीत उभी राहिली, बोरगव्हाणचं शेत. विहिरीच्या अंगाला, जुन्या आंब्याजवळ, जिथं आजा जाळला, बाप जाळला, ती जागा. तिथंच आपल्यालाही न्यायचं. नशीब बघा, ते मनाशी म्हणाले, नेमणूकही परभणीची झाली, गाव तिथून हाकेवर. देवानं इकडून घेतलं तरी तिकडून थोडं दिलंच. आता एक नोव्हेंबरला गाडीत बसायचं. त्यात कुणाला आडवं येऊ द्यायचं नाही.

बायकोला, सावित्रीबाईंना, त्यांनी त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. तिनं आरडाओरडा केला नाही. फक्त वरणात मीठ दोनदा घातलं, आणि दोघांनी ते वरण तसंच खाल्लं. दुसऱ्या दिवशी भगवंतरावांनी गावी भावाला, एकनाथरावाला, पत्र टाकलं की मागली खोली झाडून ठेव, आम्ही येतो.

आणि मग ते वाटत सुटले. आपण जाणार हे कळल्यावर माणसाचा जीव मोठा होतो म्हणतात, तसा आपला झालाय असं त्यांना वाटायला लागलं. चपराशाला छत्री दिली. लोकरी कोट शेजारच्या टेबलावरच्या दत्तोबांना. खिडकीजवळची आपली खुर्ची, जिच्यावर दुसऱ्याला बसू देत नसत, ती एका नव्या कारकुनाला. बांधून ठेवलेले मासिकांचे अंक वाचनालयाला. लोक म्हणायला लागले, गावाला जायच्या आनंदात पाटील अगदी पाघळलेत. दौलत समोरच्या टेबलावर बसून हे सगळं बघत होता. त्याच्याकडे मात्र भगवंतरावांची नजर जात नसे. गेली तर लगेच दुसरीकडे वळे.

घरी येऊन ते रोजचा दानधर्म सांगत. चौथ्या दिवशी सावित्रीबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. हातातलं सूप त्यांनी खाली ठेवलं.

"कोट तुम्हाला आता ढगळ होतोय," त्या म्हणाल्या. "छत्री पाऊस संपल्यावर दिलीत. खुर्ची तर सरकारची आहे. तुम्हाला जे लागत नाही तेवढंच वाटताय हो तुम्ही. जे हवंय त्यातलं काय दिलंत कुणाला?"

भगवंतराव चिडले. मरणाऱ्या माणसाशी असं बोलतात का, असं काहीतरी म्हणाले. पण सावित्रीबाईंचं अजून संपलं नव्हतं. त्यांनी विचारलं, आणि मला गावी नेताय, ते मला कुणी विचारलं? तुमचं शेत, तुमचा आंबा, तुमची चार लाकडं, सगळं तुमच्या मनासारखं होईल. पुढं मी काय करायचं? दिराच्या मागल्या खोलीत बसून जावेच्या हातचं खायचं? सव्वीस वर्षं झाली मला या शहरात. नारायणगुड्याला तीस बायका माझ्याकडून शिवण शिकतात, शेजारची कुसुमताई रोज माझी वाट बघते, भाजीवाल्याशी मी तेलुगूत भांडते. तुम्ही गेल्यावर माझं कोण आहे तर हे एवढं आहे, आणि तेच तुम्ही मला सोडायला लावताय. हे त्या रडत नाही, अगदी हिशोबशीर आवाजात बोलल्या, म्हणून भगवंतरावांना जास्त लागलं. ते न जेवताच उठून गेले.

*

दुसऱ्या दिवशी ते कचेरीत सगळ्यांच्या आधी पोचले. सर्व्हिस बुकांचे दोन गठ्ठे करायचे होते, इथं राहणाऱ्यांचा आणि जाणाऱ्यांचा. काम यंत्रासारखं चाललं होतं, दौलतचं पुस्तक हाताला लागेपर्यंत. ते त्यांनी उघडलं. उघडायची काही गरज नव्हती.

वतन, नदारद. तस्दीक केली. सही.

सात वर्षांत शाई जराही फिकी पडली नव्हती. अक्षर काय देखणं, नदारदच्या शेवटच्या दालाला मारलेली ती लफ्फेदार शेपटी बघून कुणीही म्हटलं असतं, वा. भगवंतराव बघत राहिले आणि त्यांचे कान तापले. होळीनंतर आपण नाही. कोट दत्तोबा वापरतील, छत्री चपराशी विसरून येईल कुठंतरी. पण हे पुस्तक राहणार. वीस-पंचवीस वर्षांनी हा दौलत म्हातारा होऊन निवृत्त होईल, तेव्हा कुणीतरी हे पान उघडून म्हणेल, या माणसाला गावच नव्हतं म्हणे, भगवंत पाटलांनी तपासून लिहिलंय. लोकांना हसवायला मारलेली आपली थाप एवढीच खरी म्हणून मागं उरणार. ही लाज इतकी सरळ आणि इतकी उशिरा आली की गठ्ठे तसेच टाकून ते साहेबांची वाट बघत बसले.

मुंतजिम साहेब, म्हणजे कचेरीचे मॅनेजर वाहिदअली, येताच भगवंतराव त्यांच्यासमोर उभे राहिले आणि काही न लपवता सांगून मोकळे झाले की ही नोंद चुकीची आहे, चूक माझी आहे आणि ती मी कळून केली आहे. वाहिदअलींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, नोंद मी आज दुरुस्त करीन, तुमचा जबाब लावीन. पण यादी वर गेली, आकडे जुळले. आंध्राचा एक माणूस कमी करायचा तर त्या जागी एक द्यावा लागेल. अदलाबदलीच्या अर्जाला शनिवारपर्यंत मुदत आहे. तुम्हाला कुणी तयार होणारा माहीत आहे का?

माहीत होता. भगवंतराव बाहेर आले.

संध्याकाळी ते घरी गेले नाहीत. काचीगुडा स्टेशनाच्या पुलावर जाऊन उभे राहिले. खाली मनमाडची गाडी लागली होती, तीच परभणीवरून जाणारी, तीच औरंगाबादेस पोचणारी. लोक बोचकी चढवत होते. भगवंतरावांनी एकेक करून सगळं मनात उभं केलं, विहीर, आंबा, बापाची जागा. बापाच्या वेळी त्यांनी स्वतः अग्नी दिला होता. ते सगळं त्यांना इतकं हवं होतं की पोटातली गाठ ते विसरून गेले. सावित्री विचारत होती ना, हवंय त्यातलं काय दिलं म्हणून? हवंय ते हेच. दुसरं आता राहिलंय काय आपल्याजवळ? गाडी सुटेपर्यंत ते उभे राहिले, शेवटचा डबा दिसेनासा झाला, मग पुलाच्या दुसऱ्या बाजूनं उतरले. दौलत तिकडं, स्टेशनामागं राहत होता.

*

सात वर्षांत ते या घरी पहिल्यांदा येत होते. दौलतनं दार उघडलं आणि तसाच उभा राहिला. आत ट्रंका बांधायचं चाललं होतं, मुलगी चटईवर झोपली होती, भिंतीवर बुद्धाची नवीकोरी तसबीर. दसऱ्याला दोघं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आल्याचं भगवंतरावांनी कचेरीत ऐकलं होतं, त्यावरही एक किस्सा करायचा त्यांचा विचार होता. ते आठवून त्यांनी मान खाली घातली.

विमलाबाईंनी पाणी आणून दिलं. ते त्यांनी घेतलं आणि बसत बसत सांगितलं की अदलाबदलीच्या अर्जावर सही करायला मी तयार आहे.

दौलत बसला नाही. त्यानं विचारलं की परवापर्यंत बाराखडी गिरवायची नव्हती, आता काय झालं? सध्या वाटप चाललंय तुमचं, त्यातलंच हे असेल तर नको. छत्री आणि खुर्चीच्या रांगेत मला बसवू नका.

तेव्हा भगवंतरावांनी ते सांगितलं. वतन शब्द, त्याचे दोन अर्थ, बावीस वर्षांच्या पोराचं उत्तर, आपण ओळखून लिहिलेलं नदारद. यादी करताना उलटलेलं पान. सात वर्षांचे चहा.

 दौलत अगदी हळू म्हणाला, "मी आत आलो की थांबायचं ते हसणं, ते हेच होतं ना?"

"हेच."

"माझ्या बापानं ते वतन सोडलं तेव्हा गावानं त्याला चार महिने कुठं उभं राहू दिलं नाही. बायको-पोरं घेऊन चालत आला तो इथवर. त्याची सगळी कमाई म्हणजे ते एक 'नाही' होतं, भगवंतराव. मी नोकरीच्या पहिल्या दिवशी ते छाती काढून सांगितलं. आणि तुम्ही ते बिस्किटासारखं चहात बुडवून खाल्लंत."

एवढं बोलून तो बाहेर अंगणात निघून गेला. भगवंतराव उठले नाहीत. आज उठून जाणं सोपं होतं, म्हणूनच ते बसून राहिले.

विमलाबाई समोर पाटावर बसल्या होत्या. त्या त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या, पण ऐकणाऱ्याच्या नजरेनं नाही. त्यांनी विचारलं की डोळे कधीपासून पिवळे आहेत, आणि बसताना हात उजवीकडे का दाबून धरता? नर्सबाईशी खोटं बोलून उपयोग नव्हता. भगवंतरावांनी केशवरावांचं म्हणणं सांगितलं.

"गावी जायचं होतं तुम्हाला?" विमलाबाईंनी विचारलं.

"होतं."

"आणि तरी?"

"बाई, मी गेल्यावर गाव मला काय ओळखणार आहे? सहा महिने मला आंबा दिसेल. तुम्हाला तीस वर्षं एकमेकांची तोंडं दिसायची आहेत. हे माझं मला उशिरा कळलं, पण कळलंय. आता तुम्ही नको म्हणालात तरी मी शनिवारी कचेरीत बसून राहणार आहे." मग जरा थांबून ते म्हणाले की दौलतरावांना आजाराचं सांगू नका, दयेपोटी सही केली असं त्यांना वाटेल, नाहीतर दयेपोटी नाकारतील.

'दौलतराव' असं म्हणाले ते. त्यांचं त्यांनाही मग लक्षात आलं. सात वर्षं कचेरीत सगळे राव होते, हा एकटा नुसता दौलत होता.

विमलाबाईंनी स्पष्ट सांगितलं की नवऱ्यापासून मी काही लपवत नसते. दारापर्यंत त्या सोडायला आल्या. अंगणात दौलत पाठमोरा उभा होता. तो वळला नाही.

घरी येऊन भगवंतरावांनी बायकोला म्हटलं की गावी जाणं रद्द, इथंच राहायचं. सावित्रीबाईंनी विचारलं, माझ्यासाठी? ते म्हणाले की नाही, खरं सांगायचं तर दुसऱ्यासाठी, पण तुझंही त्यात झालं. आणि अंबरपेठचं स्मशान तसं जवळ आहे, तुझ्या शिवणाच्या बायकांना चालत येता येईल. सावित्रीबाई त्यावर हसल्या, आणि हसता हसता आठ दिवस साठलेलं सगळं रडल्या. भगवंतराव त्यांच्याजवळ बसून राहिले. मग दोघांनी मिळून एकनाथरावाला दुसरं पत्र लिहिलं.

*

शनिवारी मुदत पाचपर्यंत होती. भगवंतराव सकाळपासून फॉर्म पुढ्यात घेऊन बसले होते. दौलत आपल्या टेबलाशी काम करत होता, वर बघत नव्हता. दुपार झाली. चार वाजता चहा आला. कुणीतरी म्हणालं, पाटील, जाता जाता एखादा किस्सा होऊन जाऊ द्या. भगवंतरावांनी कप बाजूला सारला.

"एक जुनाच आहे," ते म्हणाले. "दौलतराव खोलीत नसताना सांगायचो तो. आज ते आहेत, म्हणून नीट सांगतो."

आणि त्यांनी तो सांगितला. शब्द तेच, फक्त या खेपेला फजिती झालेला माणूस दुसरा होता. सांगून झाल्यावर कुणी हसलं नाही. दत्तोबा अंगातल्या कोटाची बटणं चाचपत बसले. दौलतनं लेखणी खाली ठेवली होती आणि दोन्ही हात टेबलावर पसरून तो त्यांच्याकडे बघत होता. मग तो उठला आणि भगवंतरावांच्या शेजारून, थांबल्याशिवाय, वाहिदअलींच्या खोलीत गेला. भगवंतराव फॉर्म घेऊन त्याच्या मागं गेले.

वाहिदअलींनी जुन्या पद्धतीनं स्वतः रकाने वाचायला घेतले. पण दौलतच्या रकान्याशी आल्यावर भगवंतरावांनी त्यांना हात जोडून थांबवलं, हा एक मी विचारतो म्हणाले.

"दौलतराव, तुमचं मूळ गाव कोणतं?"

"पिंपळवाडी," दौलत म्हणाला. "तालुका पैठण, जिल्हा औरंगाबाद."

भगवंतरावांनी ते लिहिलं, आज शेपट्या न मारता, साध्या अक्षरात. मग फॉर्मची दुसरी बाजू आली, त्यांची स्वतःची. वाहिदअलींनी विचारलं, वतन? बोरगव्हाण लिहून चालणार नव्हतं. मराठवाड्यातलं गाव दाखवलं की वरचे लोक यादी पुन्हा फिरवतील, हे यादी करणाऱ्यालाच सगळ्यांत जास्त ठाऊक होतं. त्यांनी ते घरूनच ठरवून आणलं होतं.

"नदारद," भगवंतराव म्हणाले.

वाहिदअलींची लेखणी टेकली. तेवढ्यात दौलतचा हात मध्ये आला आणि कागदावर पडला.

"ते नका लिहू, साहेब," तो म्हणाला. मग भगवंतरावांकडे वळला. त्याचा चेहरा निवळलेला नव्हता, राग होता तिथंच होता. "विमलानं मला सगळं सांगितलंय. तुम्ही माझ्याशी जे केलंत ते मी विसरणार नाही, आणि विसरलो असं तुम्हाला सांगणारही नाही. पण नदारद म्हणून सात वर्षं मी काढलीत. माणसानं तसं मरू नये." त्यानं हात उचलला. "बलदा लिहा."

जुनी माणसं हैदराबाद शहराला बलदा म्हणत. वाहिदअलींनी भगवंतरावांकडे पाहिलं. भगवंतरावांनी मान हलवली, आणि लेखणी मागून घेऊन स्वतःच्या हातानं रकाना भरला. वतन, बलदा, मोहल्ला बरकतपुरा.

खाली तस्दीकची जागा रिकामी होती. तिथं दौलतनं सही केली.